दोन मीटर तार

शेवटच्या खांबाला तार अडकवून झाली, तरी तिचं टोक चिगुसाच्या हातात तसंच लोंबत राहिलं. ती मागे सरली. एक पाऊल, दोन पावलं. तार संपेना.

“बाई, उरली.”

“उरेल कशी? नीट ताण.”

“ताणलीय. तरी उरलीय.”

मिझुए शेताच्या दुसऱ्या कोपऱ्यात एक सैल खांब पुन्हा ठोकत होती. हातोडा खाली ठेवून ती बांधावरून चालत आली. चौथीचा बाकीचा अख्खा वर्ग, म्हणजे पाच मुलं, एव्हाना चिगुसाभोवती जमली होती आणि तिच्या हातात साप असावा तसं त्या टोकाकडे बघत होती.

तार विजेच्या कुंपणाची होती. गेल्या सप्टेंबरात रानडुकरांनी शाळेच्या भातशेतात अशी काही लोळण घेतली की कापणीला मूठभर लोंब्याही उरल्या नाहीत. म्हणून यंदा लावणी होताच कुंपण घालायचं ठरलं, आणि तार किती लागेल हे मिझुएने मुलांनाच काढायला लावलं. आयताची परिमिती शिकवायला याहून चांगलं निमित्त कुठून मिळणार? शाळेच्या कपाटातून जमिनीचा नकाशा निघाला. शेत लांबीला पन्नास मीटर, रुंदीला वीस. बेरीज सत्तर, तिची दुप्पट एकशे चाळीस. सहाच्या सहा जणांचं उत्तर बरोबर आलं. चिगुसाचंसुद्धा, आणि हे विशेष होतं. तिच्या गणिताच्या वहीत एरवी चुकीच्या लाल रेघा जागोजाग असत आणि बरोबरचे लाल गोल शोधावे लागत. सहकारी संस्थेच्या दुकानदाराने एकशे चाळीस मीटरचे दोन तुकडे कापून दिले, एक खालच्या तारेचा, एक वरच्या तारेचा. थोडी जास्त देऊ का, असं त्याने विचारलं तेव्हा चिगुसाने ऐटीत सांगितलं होतं, “नको. आम्ही हिशेब करून आलोय.”

“दुकानदाराने माप चुकवलं असेल,” मिझुए म्हणाली.

“त्याच्यासमोर आम्ही आमच्या दोरीने पुन्हा मोजली,” चिगुसा म्हणाली. “दोन्ही तुकडे.”

“मग रानडुकरानेच खाल्लं,” तात्सुहेइ म्हणाला. “भात संपला, आता जमीन.”

पोरं खिदळली. मिझुएही हसली.

“बरं, मग किती उरली ते तरी मोजा.”

शाळेची दोरी आली. दर मीटरला तांबड्या लोकरीचा धागा बांधलेली ती जुनी दोरी पोरांच्या हातात कायम असे. उरलेली तार बरोबर दोन मीटर भरली. मुलांची करमणूक तिथेच संपली आणि ती बेडूक धरायला पांगली. चिगुसा मात्र दोरी घेऊन रस्त्याच्या कडेने गेली, शेताची लांबी मोजून परत आली, आणि उकिडवी बसून ओल्या मातीत बोटाने एक आयत काढला. तिची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती. मिझुए बघत राहिली.

“बाई, लांबी पन्नासच आहे,” बऱ्याच वेळाने चिगुसा म्हणाली. “ती दोनदा येते, ती बरोबर आहे. म्हणजे जे दोन मीटर कमी झालं ते रुंदीत झालं. रुंदीपण दोनदा येते. म्हणजे एका रुंदीत एक मीटर.” ती उठून उभी राहिली. “शेत वीस नाहीच. एकोणीस आहे.”

पंधरा वर्षं मिझुए शिकवत होती. परिमिती उलटी फिरवून, कुणी न सांगता, बाजू काढणारं पोर तिला आजवर भेटलं नव्हतं. आणि ते निघालं कोण, तर गणिताच्या तासाला खिडकीबाहेरचे कावळे मोजणारी चिगुसा. मिझुएला भरून आलं. शाब्बास हा शब्द अगदी ओठावर होता. त्याच वेळी तिची नजर सहज त्या एकोणीस मीटरवरून पलीकडे गेली, आणि शब्द तिथेच अडकला.

शेताच्या अलीकडे रस्ता होता, सिमेंटचा. तो कुठे जाणार? सरकायचा तर पलीकडचा बांधच सरकणार. आणि बांधापलीकडे तिच्या वडिलांचं शेत होतं.

गेनझो तिथेच होते. गुडघाभर चिखलात वाकून तण काढत होते. ते सरळ झाले, पण त्यांनी बांधाकडे पाहिलं नाही, मुलीकडेही नाही. त्यांनी पाहिलं ते रस्त्याच्या कडेला उलट्या खोक्यावर बसलेल्या तोमेआजीकडे. शेत मूळ तोमेआजीचं. नवरा सेइकिची गेल्यावर, बारा वर्षांपूर्वी, तिने ते शाळेला मोफत वापरायला दिलं होतं, आणि तेव्हापासून मुलं आली की ही खोक्यावर हजर.

“किती उरली म्हणालीस गं?” आजीने विचारलं.

“दोन मीटर, आजी! शेत एकोणीसच आहे!”

“अस्सं,” आजी म्हणाली, आणि चहाचा थर्मास उचलून नेहमीपेक्षा तासभर आधीच घरी निघाली.

चिगुसाने दप्तरातून वही काढून रस्त्यावरच मांडली होती आणि लिहीतही होती. पन्नास अधिक एकोणीस, एकोणसत्तर. दुप्पट, एकशे अडतीस.

“चुकलंय,” मिझुए म्हणाली.

चिगुसाने वर पाहिलं.

“दोरी ओली आहे. ओली दोरी सैल पडते. माप चुकतं.”

“पण मग लांबी कशी बरोबर आली? दोरी तीच होती.”

बाकीची मुलंही आता ऐकत होती.

“नकाशा सरकारी आहे, चिगुसा. त्यात वीस लिहिलंय. खोड ते.”

चिगुसाने खोडरबर काढला आणि एकशे अडतीस खोडायला लागली. कागद पातळ होता, तो चुरगळला. तिने तो तळहाताने सरळ केला आणि त्यावर एकशे चाळीस लिहिलं.

बांधआजोबा. मुलं गेनझोंना याच नावाने हाक मारत. पंचक्रोशीत त्यांच्यासारखा बांध कुणी लिंपत नाही, असं सगळे म्हणत. दर एप्रिलला, शेतात पाणी सोडण्याआधी, बांधाचा जुना भेगाळलेला चिखल कोरून काढायचा आणि नवा लिंपायचा, म्हणजे पाणी गळत नाही. शाळेला शेत मिळालं त्या वर्षापासून गेनझो चौथीच्या प्रत्येक वर्गाला हे शिकवत आले होते. ते आपल्या बाजूने काम करत आणि मुलं शाळेच्या बाजूने. मिझुएची बदली गावात झाली त्याला तीन वर्षं झाली होती. तीन एप्रिल ती वडिलांच्या शेजारी उभी राहून अभिमानाने बघत होती. बाबा आपल्या बाजूने चांगली पाच बोटं माती कोरून काढत आणि वर बोटभर चिखल फासत. मुलांना सांगत, “तुमच्या बाजूने जाड लिंपा, चार बोटं तरी. मुलांचा हात कच्चा असतो, पातळ लिंपाल तर गळेल.” आणि ती, त्यांची लेक, शिक्षिका, बांधावर उभी राहून ओरडत असे, “जाड लावा! अजून जाड!”

इकडून चार बोटं काढायची, तिकडून चार बोटं चढवायची. बांध तेवढाच जाड दिसणार, तेवढाच गुळगुळीत. फक्त चार बोटं सरकलेला. बारा वर्षं.

शाळा सुटल्यावर ती पोलादी फीत घेऊन एकटीच शेतावर गेली. जूनमधला दिवस, ऊन अजून रेंगाळत होतं. तिने शाळेचं शेत मोजलं. एकोणीस. पुन्हा मोजलं. एकोणीस. मग बांध ओलांडून ती आपल्या शेतात उतरली. चोरी किती झाली ते तरी डोळ्यांनी बघावं, असं तिच्या मनात होतं. नकाशात आपलं शेत किती रुंद, हे तिला पाठ होतं. अठरा. आई जन्मभर म्हणायची, आपलं शेत म्हणजे अरुंद शेत. बांधापासून कालव्यापर्यंत तिने फीत ताणली आणि आकडा वाचला.

एकोणीस.

होणारच होतं. तिकडे विसाचे एकोणीस, म्हणजे इकडे अठराचे एकोणीस. दुसरीतलं पोर सांगेल. तरी तो आकडा बघून ती बांधावर खाली बसली. दोन्ही बाजूंना एकोणीस. मधोमध बांध, लिंपून घोटून तुकतुकीत केलेला, आणि गेलेला एक मीटर चौथीच्या बारा वर्गांतल्या पोरांनी आपल्याच शेतातून आपल्याच हातांनी काढून दिलेला. तिला रडू आलं नाही. तिला विलक्षण लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

घरी गेनझोंनी जेवण मांडलं होतं. मिसोचं सूप, भाजलेला मासा, मुळ्याचं लोणचं. ती बसली, पण तिने जेवायच्या काड्या उचलल्या नाहीत.

“बाबा, मी मोजलं.”

“हं.”

“आपलं एकोणीस आलं.”

गेनझोंनी सुपाची वाटी खाली ठेवली. “आणि शाळेचं?”

“तेही एकोणीस.”

“नक्की?”

“दोनदा मोजलं.”

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मिझुएला दिवसभरातला सगळ्यात मोठा धक्का बसला. बाबांना हायसं वाटलं होतं.

“मग झालं म्हणायचं,” ते म्हणाले.

“काय झालं? बाबा, तुम्ही जमीन चोरलीत!”

“तू शिक्षिका ना? मग एक गणित सांग. रस्त्यापासून कालव्यापर्यंत अडतीस मीटर. दोन घरं. सरकारने सांगितलं, वेडीवाकडी शेतं मोडा आणि सारखे आयत पाडा. एकेका घराला किती?”

मिझुएने मनातल्या मनात अडतीसचे निम्मे केले. एकोणीस.

“सेइकिचीने फीत धरली होती. मोजणीच्या कमिटीत तोच होता. तुझे आजोबा अंथरुणाला खिळलेले, मी विशीतला. खुंटी ठोकून झाली आणि मी पाहिलं, एक मीटर इकडे आलीय. त्याला वीस, आम्हाला अठरा. तेच मग नकाशात छापलं. सरकारी नकाशा.”

“बोलला का नाहीत?”

“पाण्याच्या पाळ्या कोण लावायचा? तोच. बोललो असतो तर त्या उन्हाळ्यात भात करपला असता. मग दुसऱ्या वर्षी कसं बोलायचं? आणि तिसऱ्या? शेजारी आहेत. त्याच्या तिरडीला खांदा दिलाय मी.”

“आणि तो गेल्यावर? आजीला सांगायचं होतं.”

“मेलेल्या माणसाला त्याच्या बायकोसमोर चोर म्हणू?”

मिझुएचा आवाज चढला. “पण मुलांच्या हातून, बाबा? नऊ-दहा वर्षांची पोरं! जाड लावा, जाड लावा म्हणून मी त्यांच्यावर ओरडत होते!”

गेनझो आपल्या हातांकडे बघत राहिले. नखांत चिखल होता, तो कधीच जात नसे.

“मी फक्त माझ्या बाजूने कोरलं,” शेवटी ते म्हणाले. “त्यांच्या बाजूला मी बोट लावलं नाही. माझ्या हाताने तिकडे लिंपलं असतं तर ती चोरी झाली असती.”

हे ते अगदी गंभीरपणे म्हणाले. बारा वर्षं हा माणूस या हिशेबावर शांत झोपत होता.

“आजीला माहीत आहे?”

“तिने कधी विचारलं नाही. मी कधी सांगितलं नाही.”

जेवण झाल्यावर ती वह्या तपासायला बसली. पाच वह्यांवर पाच लाल गोल पडले. चिगुसाची वही उघडली आणि तिचा हात थांबला. एकशे चाळीसच्या खाली खोडलेला एकशे अडतीस अजून स्पष्ट दिसत होता. पोरीने पेन्सिल फार दाबून धरली होती, खात्रीने लिहितात तशी. मिझुएने वही तशीच मिटली.

दुसऱ्या दिवशी वरची तार लावायची होती. मुलं शेतावर पोचली तेव्हा तोमेआजी आधीच आलेली होती, पण खोक्यावर नव्हती. ती बांधावर उभी होती. तिच्या हातात सोयाबीनच्या बियांची कापडी पिशवी होती. लावणी झाली की बांधाच्या माथ्यावर सोयाबीन टोचायचं, ही गावाची जुनी रीत, आणि बांधावरचं सोयाबीन ज्याचा बांध त्याचं. या बांधावर दर वर्षी तोमेआजीच टोचत आली होती. पलीकडे गेनझो तण काढत होते, की काढल्यासारखं करत होते.

“चिगुसा,” आजीने हाक मारली. “काल तू किती म्हणालीस? रुंदी?”

चिगुसाने मिझुएकडे पाहिलं आणि मान खाली घातली. “एकोणीस म्हणाले. पण ते चुकलं होतं. वीस आहे.”

“कोण म्हणतं?”

“नकाशा.”

“असं होय,” आजी म्हणाली. “आणि पलीकडचं? ते नाही मोजलं कुणी?”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पलीकडचं मोजायचं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. पलीकडे गेनझोंचं खुरपं थांबलं होतं.

“मी मोजलं, आजी,” मिझुए म्हणाली. “एकोणीस.”

तोमेआजीने एकदा या बाजूला पाहिलं, एकदा त्या बाजूला. मग तिने खाली बसून पिशवीचं तोंड सोडलं.

“बारा वर्षं टोचतेय मी इथे,” ती बियांकडे बघत म्हणाली. “बी टोचणाऱ्याला कळत नाही का, बांध कुठे चाललाय ते? गेल्या वर्षीच्या धसकटांपासून दर वर्षी चार बोटं इकडे, शाळेकडे. मला वाटायचं, मी मरायच्या आत मधोमध पोचतो की नाही.” तिने मिझुएला खूण केली. “हात पुढे कर.”

मिझुएने ओंजळ पुढे केली. आजीने पिशवी तिरपी केली आणि बिया ओतायला लागली. अंदाजाने निम्म्या झाल्यावर थांबली, पिशवीत डोकावली, आणखी चार घातल्या.

“आता बांध मधोमध आलाय,” ती म्हणाली. “निम्म्या बिया तुमच्या. बापाला दे, त्याच्या कडेने टोचायला सांग. आणि म्हणावं, पुढच्या एप्रिलपासून दोघांकडून सारखंच लिंपायचं. शेत शाळेला दिलं तेव्हाच मला वीस नव्हतं द्यायचं, एकोणीसच द्यायचं होतं. पण ते बोलता येत नव्हतं.”

पलीकडे गेनझोंनी डोक्यावरचा रुमाल काढला होता. ते वाकले, खूप खाली, आणि बराच वेळ तसेच राहिले. आजीने तिकडे पाहिलं नाही. ती बांधाच्या अलीकडच्या कडेला बोटाने भोक पाडून पहिलं बी टोचत होती.

मुलांना यातलं किती कळलं, कोण जाणे. तात्सुहेइला तर बेडूक सापडला होता. चिगुसा मात्र हलली नव्हती. ती मिझुएच्या ओंजळीकडे बघत होती.

“म्हणजे एकोणीसच आहे?” तिने विचारलं.

“हो.”

“म्हणजे माझं बरोबर होतं?”

मिझुएने बिया रुमालात बांधल्या. आपल्या पिशवीतून चिगुसाची वही काढली आणि लाल पेन. खोडलेल्या आकड्याच्या रेषा उन्हात अजूनच स्पष्ट दिसत होत्या. तिने त्या खोडलेल्या एकशे अडतीसभोवती गोल काढला, आणि गोलाभोवती पाकळ्या, वर्षातून एखाद्यालाच मिळतात तशा. वरच्या एकशे चाळीसवर तिने चुकीची रेघ ओढली आणि तिच्याखाली स्वतःचं नाव लिहिलं.

चिगुसाने ते नाव वाचलं. ती हसली नाही.

“मग काल चुकलंय का म्हणालात?”

“मी घाबरले होते.”

“कशाला?”

मिझुएने खांबाशी वेटोळं करून ठेवलेल्या त्या उरलेल्या तुकड्याकडे बोट दाखवलं.

“त्या दोन मीटरला.”

चिगुसाने तुकड्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. आपल्या बाई अशा कशालाही घाबरू शकतात, हे तिला नवीनच होतं. ती वरच्या तारेचं भेंडोळं उचलून पहिल्या खांबाकडे गेली, शाळेची दोरी सोबत घेतली, आणि तार लावण्याआधी शेताच्या चारही बाजू, एकेक करून, पुन्हा मोजायला लागली.